सुनेच्या भुवया आणि विहिणीचा सल्ला

ताई, मी पुण्यात राहते, बँकेतून निवृत्त झाले आहे. एकुलता एक मुलगा टोरांटोला असतो. त्यानं तिथल्याच एका इराणी मुलीशी लग्न ठरवलंय. मुलगी तेहरानची, शिकायला कॅनडात आली आणि आता फार्मासिस्ट आहे. धर्म, भाषा याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकतं ते वेगळंच. व्हिडिओ कॉलवर ती सकाळी आठला दिसो की रात्री, पूर्ण मेकअप. भुवया कोरलेल्या, ओठ भरून घेतलेले. नाकाचं ऑपरेशन तर विशीच्या आत तेहरानमध्येच करून घेतलंय आणि ते ती लपवतही नाही. माझी जाऊ म्हणाली, "ही ओट्यापाशी उभी राहणार की आरशापाशी?" मी हसण्यावारी नेलं, पण मनात राहिलंच.

मध्यंतरी तिची आई आणि मावशी कॉलवर होत्या. मावशी माझ्यादेखत तिला म्हणाली, "जाड झालीस." मग आईनं माझ्या मुलाकरवी मला सांगितलं, की मी केस रंगवले तर दहा वर्षांनी लहान दिसेन, आणि लग्नाच्या दिवशी त्यांनी माझ्यासाठीही पार्लरची वेळ घेऊन ठेवली आहे. कोविडनंतर मी केस रंगवणं ठरवून सोडलंय. मला हा अपमान वाटला. मुलगा नुसता हसला.

२०२२ मध्ये तिथल्या मुली हिजाबविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा टीव्हीसमोर मी रडले होते. त्याच देशातल्या मुली ओठ फुगवत बसतात, हे मला जुळवता येत नाही. मी साधी राहणी मानणारी बाई. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तिनं रोज फोन केला, हेही खरं. पण अशा दिखाऊ घराशी आमचं कसं जमायचं? मुलाशी बोलू का? आणि त्या पार्लरला जाऊ का?

– एक आई

सप्रेम नमस्कार.

पार्लरला जा. त्याचंच आधी सांगते, कारण तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथे झालाय. इराणी लग्नात नवरी सकाळीच 'आरायेशगाह'मध्ये, म्हणजे पार्लरमध्ये जाऊन बसते आणि तिथले ते कित्येक तास हा लग्नाचाच भाग धरतात. आई, बहिणी, मैत्रिणी बरोबर असतात आणि पुष्कळदा नवऱ्यामुलाच्या आईलाही बोलावतात. आपल्याकडे वरमाईचे पाय धुतात, तसा तो मान आहे. तुमच्यासाठी वेळ घेतली नसती, तर त्यांच्याच नातेवाइकांत कुजबूज झाली असती.

केसांबद्दलचं बोलणं मात्र आगाऊपणाचंच होतं. ते मी गोड करून सांगणार नाही. पण ते कोणत्या खात्यात टाकायचं हे ठरवण्याआधी एक लक्षात घ्या. परक्या माणसाशी इराणी माणूस कमालीचा औपचारिक असतो. 'तारोफ' म्हणतात त्या शिष्टाचाराला. दुकानदारसुद्धा पैसे घेताना आधी "राहू द्या" म्हणतो आणि मग नीट मोजून घेतो. घरच्या बायकांत हा सगळा पडदा गळून पडतो. जाड झालीस, वाळलीस, हा रंग तुला मारतो, नाक कुणाकडे केलंस, मस्त झालंय, सगळं तोंडावर. कौतुकही तितकंच भरभरून, "तुझ्यावरून ओवाळून जाऊ" या थाटाचं. विहीणबाईंनी पहिल्याच वर्षी तुमच्या केसांवर मत दिलं, याचा अर्थ तुम्हाला तारोफच्या बाहेर, घरात धरलंय. घरात धरलं म्हणून बोललेलं बोचत नाही असं नाही. तुमच्या सुनेलाही मावशीचं ते वाक्य बोचलं असणार, हे तुमच्या पत्रात कुठेच आलं नाही याचं मला जरा आश्चर्य वाटलं.

आता तुम्हाला जुळवता येत नाही त्या गोष्टीकडे वळते. ओठ फुगवणाऱ्या मुली आणि रस्त्यावर उतरणाऱ्या मुली. ताई, त्या दोन वेगळ्या टोळ्या नाहीत. कित्येकदा ती एकच मुलगी असते.

इराणात बाईचा चेहरा गेली जवळजवळ नव्वद वर्षं सरकारी विषय आहे. ८ जानेवारी १९३६ ला तेव्हाच्या राजानं, रझा शाहनं, पडदा सोडण्याचा हुकूम जाहीर केला. देश आधुनिक दिसायला हवा होता ना, मग बायकांनी डोकं उघडं टाकायचं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या डोक्यावरची 'चादर', म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं वस्त्र, पोलिसांनी भर रस्त्यात ओढून काढली. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९४१ मध्ये शाहला गादी सोडावी लागली, तेव्हा ती सक्ती सैल पडली. पुढच्या काळात तेहरानमध्ये मिनी स्कर्ट आणि चादर एकाच रस्त्यावर चालत होते आणि गुगुश नावाच्या गायिकेसारखे आखूड केस कापून घ्यायला मुली पार्लरमध्ये रांगा लावत होत्या. मग १९७९ ची क्रांती. ७ मार्चला क्रांतीचे नेते खोमेनी यांनी सांगितलं की कचेऱ्यांत बायकांनी डोकं झाकून यावं, आणि दुसऱ्याच दिवशी, जागतिक महिलादिनी, हजारो बायका तेहरानच्या रस्त्यांवर निषेधाला उतरल्या. त्यांचं कुणी ऐकलं नाही. १९८३ मध्ये उघड्या डोक्याला ७४ फटक्यांपर्यंतची शिक्षा कायद्यातच आली.

तुमच्या विहीणबाई साधारण तुमच्याच वयाच्या असतील, तर त्यांचं शाळा-कॉलेज नेमकं या काळात झालं. शाळेत गडद रंगाचा गणवेश आणि हनुवटीखाली घट्ट बसणारं डोक्याचं आवरण. भुवया कोरून आलेल्या मुलीला थेट मुख्याध्यापिकेसमोर उभं करायचे. कॉलेजच्या फाटकाशी बायकांसाठी वेगळं दार आणि तिथे बसलेली बाई ओठ निरखणार. लिपस्टिक दिसली तर हातात कागदी रुमाल. त्या पिढीच्या बायकांना विचारा, प्रत्येकीकडे अशी एखादी कागदी रुमालाची गोष्ट निघते. तुमच्या सुनेच्या वाट्याला पुढची आवृत्ती आली. 'गश्त-ए-इर्शाद', म्हणजे नैतिक पोलिसांच्या त्या हिरव्या पट्ट्यांच्या गाड्या, चौकात उभ्या. त्याच पोलिसांनी १३ सप्टेंबर २०२२ ला महसा अमिनी या कुर्दी मुलीला तेहरानमध्ये पकडलं आणि १६ तारखेला ती इस्पितळात मरण पावली. तुम्ही ज्याच्यासाठी रडलात ते तिथून पेटलं.

त्या आंदोलनातल्या मुली साधं राहण्याचा हक्क मागत नव्हत्या. नटण्याचाही नाही. डोक्यावर काय आणि ओठांवर काय, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये, एवढंच मागत होत्या. त्यांच्यात केस कापून टाकलेल्या होत्या, लालभडक लिपस्टिकवाल्या होत्या आणि स्वतः मनापासून चादर घेणाऱ्याही होत्या.

म्हणून आता सुनेच्या लिपस्टिकला क्रांतीचं निशाण समजून तिचा सत्कार करायला जाऊ नका. हाही उत्साह आपल्याकडे पाहिलाय मी. काही वर्षांपासून एक ठरीव उत्तर सांगतात: सगळं अंग झाकलं की चेहराच उरतो, चेहऱ्याच्या मधोमध नाक, म्हणून इराणी बायका नाकं करून घेतात. यात तथ्य आहे, पण अर्धंच. लॉस एंजेलिसमधल्या इराण्यांच्या डोक्यावर कुणी सक्तीनं काही घातलेलं नाही, तरी तिथेही नाकं होतातच. सरकारच्या जोडीला मावशा आहेत, आत्या आहेत, लग्नाचा बाजार आहे, शेजारणीच्या मुलीचं झालेलं ऑपरेशन आहे. तेहरानमध्ये नाकावरची पांढरी पट्टी मुली, आणि हल्ली मुलगेही, मिरवत हिंडतात, कारण त्या पट्टीवरून घरात पैसा आहे हे कळतं. ऑपरेशन न करताच पट्टी लावून फिरणाऱ्यांचे किस्से तर तिथे चवीनं सांगतात. तुमची सून लपवत नाही, यात निर्लज्जपणा शोधू नका. तिच्या गावात ते लपवण्यासारखं नाहीच.

आणि नटणं हे काही कालचं खूळ नाही. फारसीत नखशिखांत नटण्याला 'हफ्त कलम' म्हणतात, सात प्रसाधनं: मेंदी, भुवया रंगवायची वस्मा, गालांची लाली, पांढरी पूड, सुरमा, चमकीचा वर्ख आणि तीळ. अगदी कालपरवापर्यंत कुमारिकेनं भुवयांना दोरा लावायचा नाही असा रिवाज होता. तो पहिल्यांदा लागायचा लग्नाच्या तोंडावर, नात्यातल्या बायका जमवून, गाणी म्हणत. कोरलेली भुवई म्हणजे लग्न झालेली बाई, असा सरळ हिशेब. (शाळेत भुवयांवर एवढा डोळा का, ते यावरून कळेल.) त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात काजार राजांच्या अमदानीत, मधोमध जुळलेल्या जाड भुवया आणि ओठांवर बारीकशी लव हे सौंदर्याचं लक्षण होतं. ज्यांना निसर्गानं दिलं नाही त्या रंगवून घेत. त्या काळची तैलचित्रं पाहा, तुमच्या जाऊबाईंना मूर्च्छा येईल.

इराणी माणसं एकमेकांना जोखण्यात आपल्याला हार जाणारी नाहीत, हेही सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्यांची वकिली करतेय. कमी नटलेल्या बाईला तिथे 'ओम्मोल' म्हणतात, म्हणजे जुनाट, मागासलेली. जास्त नटली तर 'जेल्फ', भडक. 'देहाती' तर कुणालाही चालतं. उत्तर तेहरानवाले दक्षिण तेहरानवाल्यांना म्हणतात आणि सगळे मिळून बाहेरगावच्यांना. अलीकडे ओठ, गाल, भुवया सगळ्यांवर काम करून घेतलेल्या मुलींना 'बिबट्या' म्हणायची टूम निघालीय. म्हणजे आरशासमोर बसलेल्या मुलीनं ओम्मोल आणि बिबट्या यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत स्वतःला बसवायचं, आणि ती पट्टी दर दोन-तीन वर्षांनी सरकणार. सहर तबर या नावानं इन्स्टाग्रामवर भुतासारखे चेहरे टाकणारी एक मुलगी होती. बहुतेक कमाल मेकअपची आणि फोटोत फेरफार करण्याचीच होती, पण देशोदेशीच्या लोकांनी, इराण्यांनीही, तिला यथेच्छ हसून घेतलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारनं तिला उचलून तुरुंगात टाकलं, तेव्हा हसणाऱ्यांतले काही गप्प झाले. सगळे नाही.

पुरुषही यातून सुटलेले नाहीत. क्रांतीनंतर टाय म्हणजे पाश्चात्त्यांची गुलामी ठरली. तिथले मंत्री आजही टाय लावत नाहीत. २०१० मध्ये पुरुषांच्या चालतील अशा केशरचनांची चित्रं सरकारी आशीर्वादानं प्रसिद्ध झाली, त्यात पोनीटेल बाद. २०१५ मध्ये न्हाव्यांच्या संघटनेनं मुलांच्या कोरलेल्या भुवयांवर बंदी सांगितली. टोरांटोच्या लग्नात मुलीचे चुलते, मामा कडक इस्त्रीचे सूट आणि झगझगीत टाय घालून येतील, तेव्हा त्यांच्याकडे जरा या नजरेनं बघा.

आता तुमच्याकडे येते. पत्रात तुम्ही 'साधी राहणी' असं लिहिलंय आणि त्याच दमात ते घर दिखाऊ असल्याचंही. म्हणजे लिपस्टिकच्या जाडीवरून स्वभाव काढलात. रागावू नका, पण फाटकाशी कागदी रुमाल घेऊन बसलेल्या बाईचा तराजूही हाच होता. तिचीही खात्री होती की ओठ पुसले की मुलगी आतून स्वच्छ होते. आपला साधेपणा कुणी पोलिस पाठवून लादला नाही, हे खरं. आपल्याला पोलिसांची गरजच पडली नाही. 'नट्टापट्टा' हा शब्द कोणत्या सुरात म्हटला जातो ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पांढऱ्या कपाळावरून आणि बोडक्या गळ्यावरून आपण बाईची सगळी कुंडली मांडत आलो, आणि 'गोरी, सडपातळ' हे शब्द जाहिरातींत छापणारे आपण मावशीच्या "जाड झालीस"ला नाकं मुरडतो. शिवाय तुम्ही केस पांढरे ठेवलेत ते ठरवून. तेही दिसणंच झालं. त्यावर कुणी बोललेलं तुम्हाला चाललं नाही, आणि ते बरोबरच आहे. तेवढीच मुभा तिच्या भुवयांना द्या.

मुलाशी मेकअपबद्दल अजिबात बोलू नका. ते वाक्य मुलीपर्यंत पोचेल आणि दहा वर्षांनीही विसरलं जाणार नाही. त्याच्याशी बोलायचंच असेल तर हसण्यावरून बोला: "तू नुसता हसलास ते मला आवडलं नाही. पुढच्या वेळी असं काही आलं तर माझ्या वतीनं एक वाक्य बोल." दुभाषा तोच आहे. दोन्हीकडच्या बायकांचं भाषांतर करताना कुठलं वाक्य गाळायचं आणि कुठलं ठामपणे पोचवायचं, हे त्याला शिकावं लागेल. हे शिक्षण लग्नाआधीच सुरू झालेलं बरं.

केस रंगवायचे नसतील तर नका रंगवू. पण नाही म्हणायची रीत तिथली वापरा. तुम्ही एकदा "नको" म्हणालात तर त्या तारोफ समजतील आणि आणखी आग्रह करतील. दुसऱ्यांदाही तसंच. लग्न लावताना नवरीसुद्धा पहिल्या दोन हाकांना गप्प बसते, बायका ओरडतात "नवरी फुलं तोडायला गेलीय", आणि तिसऱ्या खेपेला ती आई-वडिलांची परवानगी मागून हो म्हणते. तेव्हा तिसऱ्या नकाराची तयारी ठेवून जा आणि तो कारणासकट द्या: माझे पांढरे केस मला आवडतात, ते छान बांधून द्या, हवं तर फुलं माळा. यात त्यांना करायला काहीतरी मिळतं, म्हणून हे ऐकलं जाईल. कोरडा नकार दिलात तर त्यांना वाटेल तुम्ही त्यांचा मान झिडकारलात. चेहऱ्यालाही "हलकाच हात" सांगा, मात्र त्यांचं हलकं आपल्यापेक्षा दोन थर जड असतं, तेव्हा मध्येच आरसा मागायला लाजू नका. हे सगळं सुनेला आधीच कानावर घातलंत तर सगळ्यात सोपं. पार्लरवालीला फारसीत बजावायला ती आहे, आणि सासूनं आपल्याला विश्वासात घेतलं हे तिलाही कळेल.

तिच्या नाकाचा विषय तुम्ही काढू नका. "तू आधीचीच छान दिसली असतीस" हे तर मुळीच नको. ते कौतुक वाटतं बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला नाही. मावशी पुन्हा "जाड झालीस" म्हणाली तर तिची री ओढू नका आणि मावशीला धडाही शिकवू नका. विषय बदला, कामाचं विचारा. ती फार्मासिस्ट आहे. परदेशात परीक्षा देऊन तो परवाना मिळवणं सोपं नाही, आणि तुमच्या पत्रात त्या सगळ्याला अर्धं वाक्य मिळालंय. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळच्या रोजच्या फोनला एक ओळ. भुवयांना, ओठांना आणि नाकाला उरलेली बाजू. ते पत्र तुम्ही स्वतःच पुन्हा वाचा, मला काही सांगावं लागणार नाही.

राहता राहिल्या तुमच्या जाऊबाई. त्यांचं हसण्यावारी नेऊ नका. सून आल्यावर हीच वाक्यं पाठीमागे बोलली जातील आणि मराठी आलं की तिला समजतील. इराणी मुली भाषा पटकन उचलतात, पुण्यात शिकायला आलेल्या कितीतरी जणी रिक्षावाल्याशी मराठीत घासाघीस करताना मी पाहिल्यात. जाऊबाईंना आत्ताच सांगा, "ती आरशापाशी उभी राहील, ओट्यापाशी माझा मुलगा उभा राहील, त्याला येतो स्वयंपाक." येत नसेल तर त्याला शिकवा, अजून वेळ आहे.

आणि पार्लरला जाताना पुढून बटणं असलेला शर्ट किंवा कुर्ता घालून जा. केस झाल्यावर डोक्यातून कपडा काढता येत नाही, आणि साडी तिथे जाऊनच नेसायची असेल तर परकर-ब्लाउज, पिना वेगळ्या पिशवीत घ्या. टोरांटोत ऐनवेळी सेफ्टी पिन शोधत हिंडायला नको.